पोस्टिरिअर युरेथ्रल व्हॉल्व: टाइप १ आणि टाइप ३ यांचा उगम वेगळा का?

सर्जरी_पीजी
पोस्टिरिअर युरेथ्रल व्हॉल्व म्हणजे मुलग्यांच्या मूत्रमार्गाच्या ब्लॅडरकडच्या भागात (पोस्टिरिअर युरेथ्रात) लघवी अडवणारे जन्मजात पडदे. यंग यांच्या १९१९च्या वर्गीकरणातले त्यांचे टाइप १ आणि ३ दोन्ही तिथेच लघवी अडवतात. मग भ्रूणशास्त्रात त्यांची कारणं वेगळी का सांगतात? टाइप १ मध्ये कॅथेटर बऱ्याचदा सहज आत जातो, तर मग अडथळा कसला? आणि कॉब्ज कॉलर (युरेथ्रातलं एक जन्मजात आकुंचन) टाइप ३ मध्येच धरायचा का?

शरीररचना
टाइप १ चं मूळ मेसोनेफ्रिक डक्टमध्ये (भ्रूणातल्या मूत्र-जनन नळीत) आहे. क्लोएकाचे (भ्रूणातल्या मल-मूत्राच्या सामाईक पोकळीचे) दोन भाग होत असताना या डक्टची तोंडं सरकत व्हेरूमॉन्टॅनमपाशी (थोडक्यात व्हेरू, पोस्टिरिअर युरेथ्रातला छोटा उंचवटा) येतात आणि पुढे तीच इजॅक्युलेटरी डक्टची (वीर्य नेणाऱ्या नळ्यांची) तोंडं होतात. त्यांच्या वाटेची खूण म्हणून व्हेरूच्या खाली बारीक घड्या उरतात, त्या प्लायकी कॉलिक्युली. प्रत्येक मुलात त्या असतातच. पण डक्ट मुळातच जास्त पुढच्या बाजूला उघडल्या, तर त्यांचं सरकणं बिघडतं, घड्या जाड होतात आणि पुढे एकमेकींना जुळतात. झाला टाइप १. म्हणूनच त्याचे पडदे व्हेरूच्या खालच्या टोकापासून निघतात.

टाइप ३ मध्ये डक्टचा संबंध नाही. युरोजेनिटल मेम्ब्रेन (भ्रूणात मूत्र-जनन मार्गाचं तोंड झाकणारा पडदा) पूर्ण विरघळत नाही आणि मधे भोक असलेला आडवा पडदा उरतो. तो व्हेरूला चिकटलेला नसतो. टाइप २ सोडून द्या. व्हेरूपासून ब्लॅडर नेककडे (मूत्राशयाच्या तोंडाकडे) जाणाऱ्या त्या घड्या आता अडथळा मानल्या जात नाहीत.

बालशल्य
कॅथेटरबद्दल: हे पडदे शिडासारखे आहेत. लघवी वरून आली की फुगून वाट बंद करतात, कॅथेटर खालून आला की भिंतीला टेकतात. त्यामुळे ‘नळी गेली, म्हणजे व्हॉल्व नाही’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. सिस्टोस्कोपीतही (दुर्बिणीने आतून पाहण्यातही) तीच फसगत होते. स्कोपमधलं पाणी पडदे दाबून टाकतं. पाणी बंद करून पोटावरून ब्लॅडर दाबा, पडदे उभे राहतात. एमसीयूमध्ये (ब्लॅडरमध्ये औषध भरून काढलेल्या एक्स-रेमध्ये) लघवी होतानाची तिरकी फिल्म हवीच, आणि ती नळी काढून.

उलट त्रासही होतो. ब्लॅडर नेक जाड असल्याने नळी फुगलेल्या युरेथ्रातच वेटोळं घालून बसते आणि ती ब्लॅडरमध्ये आहे असं वाटतं. नवजात बाळाला ५ किंवा ६ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) फीडिंग ट्यूब घाला, फोली (टोकाला फुगा असलेली नळी) नको. आकसलेल्या जाड ब्लॅडरमध्ये फुगा युरेटरची (किडनीकडून येणाऱ्या नळ्यांची) तोंडं दाबू शकतो. पहिल्या दोन दिवसांतलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठी रक्तात मोजतात तो घटक) बरंचसं आईचं असतं, त्यावर किडनीचा निकाल देऊ नका.

एंडोयूरो
शरीररचना यांनी पाठ्यपुस्तकातली मांडणी नेमकी दिली, पण तिला एक गंभीर आव्हान आहे. १९९२ मध्ये देवान आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की आधी नळी न घातलेल्या युरेथ्रात व्हेरूला जोडलेला, भोक असलेला एकच तिरका पडदा दिसतो. नळीने तो फाटला की दोन पाकळ्या उरतात आणि आपण त्यांना टाइप १ म्हणतो. त्या मूळ पडद्याला ते कोपम (COPUM, congenital obstructing posterior urethral membrane) म्हणतात. हे मान्य केलं तर टाइप १ आणि ३ ही दोन भ्रूणदोषांची नावं उरत नाहीत. मला हा मुद्दा पटतो. निदान नळी आधी घातली होती का, हे ऑपरेशन नोटमध्ये लिहायलाच हवं.

कॉब्ज कॉलर मात्र वेगळा धरा. १९६८ मध्ये वर्णिलेलं हे आकुंचन बल्बर युरेथ्रात, म्हणजे एक्स्टर्नल स्फिंक्टरच्या (लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूच्या) खाली असतं आणि व्हेरूशी त्याचा संबंध नसतो. उगम मात्र युरोजेनिटल मेम्ब्रेनच्या अवशेषाचाच मानतात, गोंधळ तिथूनच होतो. फिल्मवर आधी स्फिंक्टरची पातळी ठरवा, मग नाव द्या.

सर्जरी_पीजी
मग फल्गरेशन (विजेने पडदा जाळून तोडणं) कुठे करायचं, हे या वादाने बदलतं का?

बालशल्य
नाही. युरेथ्राचा गोल घड्याळाची तबकडी मानली तर ५ आणि ७ च्या जागी, गरज पडली तर १२ च्या जागीही. पडदा पूर्ण खरवडायचा नाही, त्याचा ताण मोडला की पुरे. खोल गेलात तर स्ट्रिक्चर (व्रणामुळे मूत्रमार्ग अरुंद होणं) होतं किंवा स्फिंक्टर दुखावतो.