आफ्रिकन आर्टची क्युरेटर व्हायचं आहे, सुरुवात कुठून करू?

आरमोरीची_पोरगी:
नमस्कार सगळ्यांले. मी बीए शेवटच्या वर्षाले, इतिहास घेऊन, घरी धानाची शेती. कॉलेजची सहल नागपूरच्या अजब बंगल्यात गेली होती तेव्हापासून म्युझियमचंच काम करावं असं मनात बसलं, अन् मंग मोबाइलवर आफ्रिकेतल्या बेनिनच्या चित्रं ओतलेल्या पितळी पाट्या पाहिल्या तर दुसरं काही सुचूनच नाही राहिलं. क्युरेटर दिवसभर नेमकं करते काय? बाबा म्हणते बीएड कर, आफ्रिकेचं काम तुले इथं कोण देईन. खरंच होईन का हे?

जुनी_रजिस्टरं:
होईन पोरी, पण काम समजून घे. वस्तू कोणी बनवली, कोणाच्या हातून कुठं गेली हे शोधणं, निम्मं आयुष्य त्यातच जाते. तू पाहिल्या त्या पाट्या आजच्या नायजेरियातल्या बेनिन सिटीच्या राजवाड्यातल्या, 1897 मधी इंग्रज फौजेनं तो लुटला अन् हजारो वस्तू युरोपभर विकल्या गेल्या. जर्मनीनं 2022 मधी तिथल्या म्युझियममधल्या अशा वस्तूंची मालकी नायजेरियाले दिली. आता कोणती वस्तू त्याच लुटीतली हे जुन्या नोंदी अन् लिलावाच्या याद्या चाळल्याशिवाय कसं कळणार, ते क्युरेटरच करते. बाकी लाकडाले कीड, दमट हवा, लेबलं, हे रोजचंच. अन् आफ्रिकेतला नाचाचा मुखवटा काचेत ठेवला की नुसतं तोंड उरते, त्याच्याखालचा पेहराव, ढोल, नाच सगळं गेलं. गोंडांच्या दंडार नाचातल्या घुसाडी नाचणाऱ्याचा मोरपिसांचा टोप खुंटीले टांगून दाखवला तर पाहणाऱ्याले काय समजन? मले हाच भाग सगळ्यात अवघड वाटते.

वर्धेकर:
ताई, भारतात फक्त आफ्रिकन आर्टसाठी जागा जवळजवळ नाहीतच, हे आधीच सांगतो. पहिले म्युझिऑलॉजीत, म्हणजे म्युझियमशास्त्रात, एमए कर, बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत हा विभाग 1952 पासून आहे. आफ्रिकेचा अभ्यास मंग लंडनच्या सोआस (आशिया-आफ्रिकेचा अभ्यास शिकवणारी संस्था) सारख्या ठिकाणी, स्कॉलरशिप पाहून. फ्रेंच आतापासूनच शिक, माली, सेनेगलकडचे जुने कागद त्याच भाषेत आहेत. अन् ओक्वी एनवेझॉरबद्दल वाच. नायजेरियाचा क्युरेटर, शिकला राज्यशास्त्र, अन् 2002 चं जर्मनीतलं डॉक्युमेंटा, आजच्या कलेचं मोठं प्रदर्शन, त्यानं उभं केलं, त्याआधी युरोपाबाहेरच्या कोणाले ते मिळालं नव्हतं.

धानोरा_रोड:
बेनिनचं पितळ मेण वितळवून ज्या रीतीनं ओतत तीच मूळ रीत आपल्या शेजारी बस्तरात कोंडागावले आहे. मी बसून पाहिलं आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचा दोऱ्यासारखा धागा गुंडाळत जातात, एकाले एक लागून, वरून माती लिंपतात, भट्टीत मेण वितळून जाते अन् त्या पोकळीत पितळ. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही म्हणून दुसरी तशीच कधी होत नाही. आठ दिवस जाऊन राहा, वही घेऊन जा, कारागिराले नाव, गाव, कोणाकडून शिकला ते विचार. पाट्यांच्या फोटोत तुले मंग वेगळंच दिसन.

आरमोरीची_पोरगी:
बाबाले सगळं वाचून दाखवलं. धान निघालं की कोंडागावले मीच घेऊन जातो म्हणते.