गरिबी विकतात म्हणे

कुणीतरी लिहिलंय की 'पथेर पांचाली'सारखे सिनेमे म्हणजे आपली गरिबी परदेशात नेऊन विकणं. आरोप जुनाच आहे, १९८० मध्ये खासदार असताना अभिनेत्री नर्गिसनेही त्याचे बंगाली दिग्दर्शक सत्यजित राय यांच्यावर हाच केला होता, पण मला तो तेव्हाच्यासाठीही पटत नाही आणि आजही नाही. 'पथेर पांचाली'तला (१९५५) हरिहर घरी परततो तो प्रसंग आठवून बघा. लेक दुर्गा वारलीये हे त्याला माहीतच नाही, तो आपला पोळपाट, लक्ष्मीची तसबीर असं एकेक काढून दाखवतोय आणि मग लेकीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. सर्वजयाचा बांध फुटतो, पण तिचं रडणं आपल्याला ऐकूच येत नाही! रायनी तो आवाजच काढून टाकलाय, त्याजागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजतं. ज्याला दुःख विकायचंय तो माणूस आईचा हंबरडा असा काढून टाकेल का?

माझ्या आईला बंगाली ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत बसून पाहिला तिने. सर्वजया घरातली भांडी विकते तिथे एकदम म्हणाली, आमची पण तांब्याची घागर अशीच गेली रे मोडीत, तुझ्या आजीने नंतर त्या कोपऱ्यात कित्येक दिवस दुसरं काही ठेवलंच नाही. ही गोष्ट इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.