पार्श्वचित्राने गप्प बसावं का? 'स्लीपिंग ब्यूटी', डोरे आणि काळी शाई

तिरपी रेघ
डिस्नेचा 'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९) म्हटलं की जो तो चित्रकार आयविंड अर्लच्या बॅकग्राउंडचे, म्हणजे पात्रांमागच्या पार्श्वचित्रांचे, गोडवे गातो. मला तो सिनेमा सलग बघवत नाही, आणि त्याला कारण तीच बॅकग्राउंडं. चौकोनी छाटलेली झाडं, खोडाच्या सालीवरचं शेवाळ, पान न् पान वेगळं रंगवलेलं, आणि हे सगळं ७० एमएमच्या अवाढव्य पडद्यावर. राजकन्या रानात गाते तेव्हा माझी नजर तिच्या मागच्या खोडावर. आमची पात्रं यात हरवतात, ही कुरकुर तेव्हा स्टुडिओतल्या ॲनिमेटरांचीही होती.

याउलट 'बॅम्बी' (१९४२). टायरस वाँग १९३८ मध्ये डिस्नेत इनबिटवीनर म्हणून लागला. दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरत बसायचं, म्हणजे हमालीच. 'बॅम्बी'ची आधीची जंगलं इतकी भरगच्च होती की हरणं दिसेनात. सुंग काळातली चिनी निसर्गचित्रं मुरवलेल्या या माणसाने मधला भाग तेवढा नीट ठेवला आणि कडा धुक्यात सोडून दिल्या. जंगल उभं राहिलं! १९४१ च्या संपानंतर त्याला काढून टाकलं, आणि श्रेयनामावलीत नाव आलं ते बॅकग्राउंडवाल्यांच्या रांगेत. असो, तो वेगळा संताप.

गडद छापचित्रांतही मला हेच दिसतं. स्पॅनिश चित्रकार गोयाचा 'कॅप्रिचोस' संच (१७९९) बघा. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून ॲसिड दिलं की सपाट करडा-काळा थर मिळतो. कितीतरी चित्रांत आकृतींच्या मागे जवळजवळ तेवढाच. घर नाही, रस्ता नाही. म्हणून त्या चेटकिणी अंगावर येतात. पार्श्वचित्राने गप्प बसावं, एवढंच माझं म्हणणं.

शाईचा डाग
असहमत.

गोया सोयीचा म्हणून उचललात. इटालियन पिरानेसीच्या छापचित्रांतले काल्पनिक तुरुंग का नाही घेतले? पहिली आवृत्ती १७५० च्या सुमाराची, १४ चित्रं. १७६१ मध्ये त्याने तेच पत्रे पुन्हा कोरायला घेतले, अंधार दाट केला, जिने आणि कमानी वाढवल्या, वर दोन चित्रं नवी घातली. माणसं मुंगीएवढी. तिथे मुख्य पात्र तो तुरुंगच आहे.

फ्रेंच चित्रकार डोरेने दान्तेच्या 'इन्फर्नो' या नरकाच्या काव्यासाठी काढलेल्या छापचित्रांत (१८६१) आत्महत्या केलेल्यांचं रान आहे. झाडं हीच माणसं! 'स्नो व्हाइट' (१९३७) मध्ये ती पळत सुटते आणि फांद्यांचे पंजे होतात, तो प्रसंग याच जातकुळीचा. ते रान गप्प बसवलं तर उरेल एक उगाच किंचाळणारी मुलगी.

अर्लने काही आगाऊपणा केलेला नाही. सिनेमाचं रूप ठरवण्याचं काम वॉल्ट डिस्नेनेच त्याला दिलं होतं, आणि पात्रांची रूपं आखणाऱ्या टॉम ओरेबने पात्रंही त्याच कोनांत बसवली. ती दुष्ट मॅलेफिसेंट हरवते का त्या रानात? हरवतो तो राजपुत्र. तो कुठेही हरवला असता.

जुना रीळ
तुम्ही दोघं तपशिलावरून भांडताय. भांडण सामग्रीचं आहे.

तेव्हा पात्र असायचं सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर: पुढून शाईची रेघ, मागून सपाट रंग. पार्श्वचित्र बोर्डावर, ब्रशने, छटांसकट. खाती वेगळी, माणसं वेगळी. एकावर एक ठेवून फोटो काढला की सांधा दिसणारच. वाँगने तो धुक्याने झाकला, अर्लने पात्रांना कोन देऊन. छापचित्रात हा सांधाच नाही. ज्या रेघांनी चेहरा उभा केला त्याच रेघांनी ढगही. म्हणून डोरेत कितीही गर्दी असली तरी माणूस सुटा पडत नाही.

सिनेमात हे खरं सुटलं ते 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'मध्ये (१९६१). झेरॉक्समुळे ॲनिमेटरची पेन्सिल थेट सेलवर आली. केन अँडरसन आणि वॉल्ट पेरेगॉय यांनी मागच्या लंडनलाही तशीच रेघ दिली आणि खाली रंगाचे ठिगळ, रेघेला न जुमानणारे. कुत्रा आणि घर एकाच वहीतले वाटतात. वॉल्ट डिस्नेला ते रुचलं नाही, आणि तिथे तो साफ चुकला.

गच्चीवरून
धागा वाचतोय, मजा येतेय. पण जुना रीळ, डोरे त्या 'इन्फर्नो'चे ठोकळे स्वतः कोरत नसे हो. तो लाकडावर ब्रशने पातळ शाईच्या छटा द्यायचा. कुठल्या छटेला किती रेघा आणि त्या कुठल्या दिशेने, हे पिझाँसारखे कोरणारे ठरवत. तिथेही खाती वेगळीच की.

अवांतर: बाबूराव पेंटर सिनेमात येण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. रंगवलेल्या महालापुढे हाडामांसाचा नट, याहून मोठा सांधा कुठला? तरी नाटकं चाललीच.

जुना रीळ
कोरणारे दहा असू देत. कागदावर उतरते ती एकच काळी शाई, एकाच दाबाखाली. आणि नट पडद्यापासून चार हात लांब उभा असतो. सेल पार्श्वचित्राला चिकटून. हे अंतर आणायलाच तर 'द ओल्ड मिल'मध्ये (१९३७) काचांचे थर एकमेकांपासून लांब ठेवणारा मल्टिप्लेन कॅमेरा वापरला.

पेठेतली
काळं म्हणजे भीती हे सगळ्यांनीच गृहीत धरलंय. चित्रकार चित्तप्रसाद यांनी अंधेरीत राहून राबणाऱ्या मुलांचे लिनोकट केले, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रं. लिनोत कोराल ते पांढरं, राहील ते काळं. मूल आणि त्याच्या भोवतीचं जग एकाच काळ्यातून निघतं. भुतं नाहीत, राक्षस नाहीत, आणि बघून झोप उडते.

बाकी अर्ल पुढे स्वतःच छापचित्रांकडे वळला. सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीन प्रिंट. टेकड्या, झाडं, धुकं, लांब सावल्या, माणूस क्वचितच. मला तर वाटतं त्याला पहिल्यापासून माणसं नकोच होती.

तिरपी रेघ
मग ज्याला माणसं नकोत त्याच्या हाती राजकन्येची गोष्ट का सोपवायची?

शाईचा डाग, पिरानेसीचं चित्र मी तासभर बघू शकते. सिनेमातला शॉट चार सेकंदांत जातो. तेवढ्यात डोळ्याने कुठे जायचं हे चित्रकारानेच ठरवायला हवं. वाँगने ठरवलं, अर्लने प्रेक्षकावर सोडलं.

शाईचा डाग
मग थांबवून बघा! १९५९ च्या प्रेक्षकाला ती सोय नव्हती. तेव्हा साठेक लाख डॉलर घातले आणि पहिल्या फेरीत तोटा झाला. तरी लोक आजही त्या सिनेमाकडे परत जातात ते काय राजपुत्रासाठी?

जुना रीळ, डाल्मेशियन्सवर स्वतंत्र धागा काढाच. त्या ठिगळांबद्दल माझं वेगळं मत आहे.