विजापूर रोडवरचं घर होमस्टेला दिलंय, एका रात्रीचा रेट किती ठेवावा?

विजापूररोडची_लेक
नमस्कार मंडळी. सोलापुरात विजापूर रोडला वडिलांचं घर आहे, दोन बेडरूम, हॉल, किचन आणि पुढं छोटं अंगण. आई-बाबा आता पुण्याला भावाकडं असतात, घर नुसतं बंद ठेवायला जीव होईना म्हणून गेल्या जूनपासून अ‍ॅपवर टाकलंय. रेट काय ठेवायचा ते कळंना, मग स्टेशनजवळच्या लॉजचे दर बघितले आणि अंदाजानं 1800 लावला, रोज तोच, शनिवार असो नाहीतर मंगळवार. महिन्याला 10-12 रात्री जातात पण शेवटी हातात काहीच उरंना. नवरात्रात तर सगळे दिवस दोन महिने आधीच 1800 लाच बुक झाले, आणि चार जण म्हणून केलेल्या एका बुकिंगला अकरा माणसं आली, टाकी एका दिवसात संपली, टँकर मागवावा लागला. लाईटबिल, वायफाय, वॉचमन, घरपट्टी असं सगळं धरून महिन्याला 9000 असाच खर्च आहे. अ‍ॅपवाला 15 टक्के कापतो. रेट वाढवला तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटायलीय. तुम्ही कसा ठरवता?

अक्कलकोटनाका
ताई, लॉजचे दर बघून ठरवू नका, लॉजवाल्याच्या वीस खोल्या असतात, एकच धोबी आणि एकच झाडूवाली सगळ्यांना पुरते, आपलं तसं नाही. आधी तुमच्याच आकड्यांवर हिशोब करा. महिन्याला 9000 आणि 12 रात्री जातात म्हणजे एका रात्रीवर 750 बसले. प्रत्येक गिऱ्हाईक गेलं की साफसफाई आणि चादरी धुणं धरून 500 तरी जातात. दोन्ही एसी रात्रभर चालले आणि वर पाणी, चहा-साखर धरली की 300. झाले 1550. आणि 1800 मधून 15 टक्के म्हणजे 270 कापले की हातात येतात 1530. म्हणजे प्रत्येक एका रात्रीच्या गिऱ्हाईकाला तुम्ही 20 रुपये पदरचे घालताय, गिऱ्हाईक जाईल म्हणून कशाला घाबरताय, असलं गिऱ्हाईक गेलेलंच बरं.
दोन रात्री राहिलं तर सफाईचे 500 एकदाच लागतात, मग खर्च रात्रीला 1300 वर येतो, म्हणून दुसऱ्या रात्रीला सूट द्यायला परवडतं, एका रात्रीला अजिबात देऊ नका. माझं म्हणणं साधा दिवस 2600. त्यातले 390 अ‍ॅपचे, 1550 खर्च, 660 तुमचे.
आता दुसरी गोष्ट, आणि सोलापुरात हीच मोठी आहे. आपल्याकडं शनिवार-रविवारपेक्षा तिथी चालते. आपण तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर या सगळ्यांच्या मधे बसलोय, माणूस इथं मुक्काम टाकतो आणि गाडी करून दोन-तीन ठिकाणं उरकतो. म्हणून पंचांग पुढं घेऊन बसायचं. गेल्या वर्षीच्या इंग्रजी तारखेवरून रेट टाकला की फसलंच. 2025 ला घटस्थापना 22 सप्टेंबरला होती, 2026 ला ती 11 ऑक्टोबरला आहे, कारण मधे अधिक ज्येष्ठ आलाय. अ‍ॅपला हे कळत नाही, ते मागच्या तारखा बघून आपोआप रेट सुचवतं, ते बटण आधी बंद करा. नवरात्र, आषाढी-कार्तिकी, स्वामींचा प्रकट दिन आणि पुण्यतिथी, दत्तजयंती, हे दिवस सहा महिने आधी कॅलेंडरमधे वेगळे करून ठेवा. कोजागरीला मात्र वेगळंच असतं बघा, लोक रात्रभर चालत तुळजापूरला जातात, रस्ता गाड्यांना बंद असतो, त्यांना झोपायला खोली नको असते तर पिशव्या ठेवायला आणि परत आल्यावर आंघोळीला जागा हवी असते. मी त्या दिवशी अर्ध्या दिवसाचा रेट ठेवतो.
गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, माझ्याकडं तरी फार गर्दी नसते, येणारे सगळे पाहुण्याकडंच उतरतात.

जुळे_सोलापूरवाला
वरच्या दादांचा हिशोब पटला, पण तिथीला तिप्पट-चौपट लावणारे पण बघितलेत मी आणि ते मला आवडत नाही. देवाला आलेला माणूस, म्हातारी आई बरोबर असते, त्याला अडवून घेऊ नये. मी दीडपटीच्या वर जात नाही आणि तेच लोक दरवर्षी थेट फोन करतात, अ‍ॅप मधे येतच नाही. अकरा माणसांचं म्हणाल तर रेट चार माणसांचा ठेवा, पुढच्या प्रत्येकाला 300, आणि जास्तीत जास्त आठ, हे बुकिंगच्या आधी लिहून टाका. आपल्याकडं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं हे पुण्या-मुंबईच्या माणसाला माहीतच नसतं, ते पण लिहा, लोक समजून घेतात.
जीएसटीचं पण सांगतो, उलाढाल 20 लाखाच्या आत असंल आणि तुमचं रजिस्ट्रेशन नसंल तर अ‍ॅपवरच्या बुकिंगचा जीएसटी अ‍ॅपवालाच भरतो, तो तुमच्या रेटमधे धरू नका.

ठाण्याची_स्वामीभक्त
मी राहणाऱ्यांच्या बाजूनं बोलते. आम्ही दरवर्षी अक्कलकोटला येतो, वंदे भारतनं. ती सोलापूरला रात्री पावणेअकराच्या सुमाराला पोचते आणि परतीची सकाळी सहाला सुटते, म्हणजे आम्हाला दोन रात्री राहावंच लागतं आणि दोन्ही वेळा अडनिड्या. रात्री अकराला हसून दार उघडणारं घर असेल तर मी 300-400 जास्त आनंदानं देते. फक्त ते सफाईचे पैसे शेवटच्या पानावर वेगळे दाखवू नका हो, 2600 म्हणून घर आवडतं आणि पैसे भरताना 3200 दिसतात, मग मन उतरतं.

विजापूररोडची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री वही घेऊन बसले आणि वर्षभर मी पदरचे घालत होते हे बघून खरंच वाईट वाटलं. आता साधा दिवस 2600 सफाईसकट, दुसऱ्या रात्रीला 10 टक्के कमी, तिथीला 3800, चार माणसं धरून. पुण्यतिथीचे दिवस आजच वेगळे केले. रात्रीच्या वंदे भारतसाठी शेजारच्या काकूंकडं किल्ली ठेवायचं ठरलंय, त्यांना दर वेळी 100 देणार आहे, त्या नको म्हणायलेत पण मी देणारच. मे महिन्याचं अजून कळंना, 43-44 डिग्रीत एसीचं बिल लै येतं पण माणसं कमी, तेव्हा रेट खाली आणावा का एकच खोली उघडावी? कुणी केलंय का तसं?

अक्कलकोटनाका
मी मे मधे एकच खोली देतो, 1700 ला. दुसरीचा एसी मेनपासून बंद.