परदेशातून नाशकात सोबत आलेली सवय

नाशिकमधून नोकरीसाठी किंवा जोडीदारासोबत परदेशी जाऊन काही वर्षे राहिलेल्या आणि पुन्हा गोदाकाठी परतलेल्या परिचितांना मी एकच प्रश्न विचारला होता : तिथल्या लोकांची कोणती रीत तुम्ही आपलीशी केली, आणि इथे आल्यावर तिचे काय झाले? प्रेक्षणीय स्थळांची वर्णने नकोत, अशी विनंतीही केली होती. प्रारंभ माझ्यापासून करते.

कॉलेज रोड, जर्मनी, ४ वर्षे

पहिल्याच वर्षी मी एका सहकारी बाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशीच दिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. वाढदिवस उजाडण्यापूर्वी शुभेच्छा देणे तिथे अशुभ मानतात, हे मला नंतर कळले. जर्मन माणूस निव्वळ हिशेबी असतो, अशी समजूत घेऊन मी गेले होते. ती त्या दिवशी मोडली. रविवारी तिथे बहुतेक दुकाने बंद असतात आणि आवाज होतो म्हणून रिकाम्या काचेच्या बाटल्या सार्वजनिक पिंपात टाकायलाही मनाई असते. आरंभी ही शांतता मला कोंडल्यासारखी वाटे, पुढे मी तिची वाट पाहू लागले. आता नाशकातही रविवारी दुपारी मी मिक्सर लावत नाही. भिंतीपलीकडच्या आजोबांना रात्री झोप लागत नाही आणि ते दुपारीच काय ते दोन तास झोपतात, हे बारा वर्षांच्या शेजारानंतर मला प्रथमच समजले.

सातपूर, जपान, २ वर्षे

कारखान्याने मला प्रशिक्षणासाठी नागोयाला पाठवले होते. पहिल्याच आठवड्यात माझी कचऱ्याची पिशवी गाडीने नेली नाही. तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवून ती जागेवरच ठेवली होती. मला ती वाचता येईना. शेजारच्या वयोवृद्ध आजीबाई बाहेर आल्या, त्यांनी माझी पिशवी उघडली, प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण काढले, वेष्टन सोलले, बाटली विसळून चेपली आणि प्रत्येक वस्तू वेगळी ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणत्या वारी कोणता कचरा ठेवायचा याचे चित्रांचे वेळापत्रक आणून दिले. त्यांच्या वागण्यात रागाचा लवलेश नव्हता, तरी मला रात्रभर चैन पडले नाही. माझी घाण माझ्या आईच्या वयाच्या बाईने हाताने निवडली होती, आणि नाशकात हेच काम रोज कोणीतरी माझ्यासाठी करत आले होते, याचा विचार मी पन्नाशीपर्यंत केला नव्हता. तिथल्या शाळांत मुले स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात आणि पुसतात. कचऱ्याला हात लावणे हे ठरावीक लोकांचे काम, ही आपल्याकडची समजूत जातीतून आलेली आहे आणि ती माझ्यातही होती, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

परतल्यावर मी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवू लागलो आणि फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहून घंटागाडीवर देऊ लागलो. एके दिवशी गाडीवरच्या दादांनी तळहातावरचा जुना व्रण दाखवला आणि ‘काका, हे बाकीच्यांनाही सांगा,’ असे म्हटले. आमच्या इमारतीत सोळा घरे आहेत. त्यांपैकी पाच घरे आता काच वेगळी देतात. उरलेल्या अकरा घरांच्या दारांत मी पुन्हा जाणार आहे.

नाशिक रोड, दुबई, ६ वर्षे

रमजानमध्ये तिथे कामाचे तास दोनने कमी होतात. सूर्यास्ताला लाहोरचे एक सहकारी खजुराचा डबा उघडत आणि पहिला खजूर माझ्यापुढे करत. माझी एकादशी त्यांनी लक्षात ठेवली होती. त्या दिवशी टेबलावर न विसरता केळी असत. आता माझ्या घरी कोणत्याही धर्माचे पाहुणे येणार असले, तरी त्यांचा उपवास कधी असतो हे मी आधी विचारून घेते.

निफाड, नेदरलँड्स, ३ वर्षे

मी रॉटरडॅमजवळच्या फळांच्या गोदामात कामाला होतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याच तालुक्यातली द्राक्षे तिथे उतरत. वडिलांनी थंडीत रात्री जागून जपलेल्या घडांसारखेच घड हातात घेताना गळा दाटून येई. तिथे वाढदिवसाला केवळ त्या व्यक्तीचेच नव्हे, तर तिच्या आईवडिलांचे, भावंडांचे आणि जोडीदाराचेही अभिनंदन करतात. ही रीत मला फार सुंदर वाटली. मागच्या वर्षी पुतणीच्या वाढदिवशी मी वहिनींचे अभिनंदन केले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पदराने डोळे टिपत आत गेल्या.

पंचवटी, मॉरिशस, ३ वर्षे

ऊसमळ्यांवर मजुरीच्या करारावर नेलेल्या माणसांमध्ये मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आज तिथे घरात क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा बोलतात. जिथे मजूर उतरत, तो पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. शेजारच्या आजींना मराठीत संभाषण करता येत नव्हते, परंतु आरती अखंड पाठ होती. एकदा आरती संपल्यावर त्यांनी मला नातवामार्फत विचारले, ‘नुरवी’ म्हणजे काय? चाळीस वर्षे मी तो शब्द टाळ्यांच्या तालावर म्हणत आले होते आणि मला उत्तर देता आले नाही. ज्यांच्यापासून ही भाषा समुद्राने तोडली, त्यांना तिच्या एकेका शब्दाची ओढ होती. मी तर कुसुमाग्रजांच्या गावातली. ‘न उरवी’, म्हणजे विघ्नाची वार्ताही मागे उरू देत नाही, हा अर्थ मी शोधून दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी तो नातवाकडून वहीत लिहून घेतला.

आता गणपतीत आमच्या वाड्यातली मुले आरतीनंतर प्रसादापूर्वी दहा मिनिटे बसतात आणि रोज एक शब्द विचारतात. मागच्या वर्षी त्यांनी ‘फणिवरबंधना’पर्यंत मजल मारली, आणि त्यानंतर प्रत्येकाने गणपतीच्या कमरेचा नाग जवळ जाऊन पाहिला.