'ग्रॅव्हिटी असिस्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

पुतणीला व्हॉयेजर-२ या अवकाशयानाची गोष्ट सांगत होतो, १९७७ ला निघालं, गुरू, शनी, युरेनस करत १९८९ ला नेपच्यूनपाशी पोचलं, थेट गेलं असतं तर ३० एक वर्षं लागली असती, आणि 'ग्रॅव्हिटी असिस्ट'पाशी (ग्रहाजवळून जाताना त्याच्या गुरुत्वाकर्षणाने यानाचा वेग आणि वाट बदलणं) अडलो. 'गुरुत्वाकर्षण साहाय्य' तोंडात बसत नाही. 'गुरूला प्रदक्षिणा घालून वेग घेतला' चालेल का?

— प्रदक्षिणा नको. प्रदक्षिणेत आपण निघालो तिथेच परत येतो, व्हॉयेजर गुरूजवळून गेलं, वाट वाकली आणि तसंच पुढे. वळसा म्हणा.

— वळसा म्हणजे लांबचा रस्ता, उशीर, त्यात वेग कुठे आला? माझं मत गोफण. ज्वारीच्या राखणीला माळ्यावरनं मारलीये मी, एका दोरीचा फास बोटात, दुसरीची गाठ चिमटीत, मधल्या पट्ट्यात दगड, डोक्यावरनं गरगर फिरवून गाठ सोडली की पार पलीकडच्या बांधावर. 'गोफणगुंडा' शब्द आहेच, यान म्हणजे गोफणगुंडा.

— गोफण एकदम पटलं, पण गरगर फिरण्यासाठी नाही, हातासाठी. गोफणीत जोर हाताचा असतो ना, तसा इथे ग्रहाच्या पळण्याचा. गुरू जागच्या जागी उभा असता तर यान ज्या वेगाने आलं त्याच वेगाने बाहेर पडलं असतं, उतारावर कमावलं ते चढावर गेलं. पण गुरू सूर्याभोवती सेकंदाला १३ किमी पळतोय, यान त्याच्या मागच्या बाजूने गेलं की त्यातला वाटा मिळतो. गुरूचा वेग तेवढा घटतो, पण अगदीच नगण्य.

— मग पार्कर सोलर प्रोबचं, सूर्याकडे पाठवलेल्या यानाचं, काय? ते शुक्राजवळून ७ वेळा गेलं ते वेग कमी करायला, कारण पृथ्वीवरनं निघताना तिचा सूर्याभोवतीचा वेग सोबत येतो, तो उतरवल्याशिवाय सूर्याच्या जवळ जाताच येत नाही. तिथे गोफण कशी चालेल? तिथे 'लगाम' म्हणावं.

— लगाम छान! आणि चांद्रयान-३ ला गोफण लावू नका प्लीज, ते पृथ्वीभोवती फिरत इंजिन चालवून कक्षा वाढवत गेलं, तिथे प्रदक्षिणा शब्द चपखल आहे.

— सगळ्यांचे आभार, गोफण आणि लगाम दोन्ही घेतले. पुतणीने गोफण पाहिलेलीच नाही, सुतळीची एक विणायला घेतलीये. दगड ठेवतात त्या मधल्या पट्ट्याला तुमच्याकडे काय म्हणतात?