मदत हवी आहे: गवत कापायच्या जुन्या ट्रॅक्टरचा क्लच तापला की सुटतो

मंडळी, मी ओहायोत राहतो. दीड एकराचं आवार आहे. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाकडून पंचवीसेक वर्षं जुना गार्डन ट्रॅक्टरही घेतला. इंजिन ठणठणीत आहे. दुखणं आहे ते 48 इंची डेकची (खालच्या कापणीच्या भागाची) पाती फिरवणाऱ्या इलेक्ट्रिक क्लचचं. त्यातल्या कॉइलमध्ये वीज गेली की ती चुंबक होऊन चकती ओढते आणि पाती इंजिनाला जोडली जातात.

गार असताना पिवळं बटण ओढलं की खट्कन आवाज होतो आणि पाती फिरायला लागतात. अर्धा-पाऊण तास झाला की मध्येच थांबतात. इंजिन चालूच असतं. बटण खाली-वर केलं तर कधी बारीकसा 'टिक' येतो, कधी तोही नाही. तासभर सावलीत ठेवला की पुन्हा पहिल्यासारखा. मे महिन्यात इथे गवत बघता बघता घोट्यावर येतं, त्यामुळे सध्या निम्मं आवार भादरलेलं आणि निम्मं रान.

पट्टा शाबूत आहे, बेअरिंगचा आवाज नाही. सीटखालच्या सुरक्षेच्या स्विचवर संशय नाही, कारण तो सुटला तर इंजिनच बंद पडतं. क्लचचा प्लग काढून कॉइल मोजली: गार असताना 2.8 ओहम, बंद पडल्या पडल्या 3.6. इंजिन चालू ठेवून वायरच्या बाजूने व्होल्टेज बघितलं तर 13.6. दुकानदार म्हणतो कॉइल गेली, नवा क्लच टाका. अडीचशे डॉलरच्या पुढे जातोय. टाकावा का?

प्रतिसाद १
एवढ्यात पाकीट काढू नका. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतोच, 80 अंश सेल्सिअस चढलं तर साधारण 30 टक्के. तुमचे आकडे त्यात बसतात. जळालेली कॉइल एकतर ओपन (तुटलेली तार) दाखवते, नाहीतर फारच कमी ओहम दाखवते.
शंका आहे ती 13.6 वर. प्लग काढून मोजलंत म्हणजे लोड नव्हता (करंट वाहत नव्हता), आणि गंजलेला कॉन्टॅक्टही बिनलोडचं व्होल्टेज पूर्ण दाखवतो. क्लचला चार-साडेचार अँपिअर लागतात. वाटेत एक ओहमचा अडथळा असला तरी तीन-साडेतीन व्होल्ट तिथेच खपतात. प्लग जोडलेला ठेवून मागून मीटरची टोकं घाला आणि क्लच बंद पडलेला असतानाच मोजा. बॅटरीवरही मोजा. फरक सापडला तर चोर वायरिंगमध्ये किंवा त्या पिवळ्या बटणात.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण गॅप, म्हणजे कॉइल ओढते त्या चकतीपुढची फट, विसरू नका. झीज होऊन फट वाढली की गार कॉइल कशीबशी ओढते, तापलेली ओढत नाही. क्लचच्या कडेला तीन खिडक्या आणि तीन नट असतील तर तो ॲडजस्ट होतो. बहुतेकांना 0.012 इंच चालतं, तरी तुमच्या मॉडेलचा आकडा बघून घ्या. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खिडकीत घालून नट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा, पट्टी हलकी अडकेपर्यंत. फार आवळलंत तर बटण बंद असतानाही क्लच घासत राहील आणि उलट जास्त तापेल. हात घालण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढायचीच.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. बंद पडल्यावर लोडवर मोजलं: बॅटरीवर 13.7, क्लचवर 10.2! बटण काढलं तर एक पिन काळी पडलीय आणि भोवतीचं प्लास्टिक वितळलंय. नवं बटण मागवतोय, सोबत प्लगही. गॅप बघितली तर दोन खिडक्यांत गेजची 0.020 ची पट्टी सहज जाते, म्हणजे तीही वाढलेलीच. तिसरा नट मात्र गंजून बसलाय. कालपासून त्यावर गंज सोडवायचं तेल मारतोय, ढिम्म हलत नाही. स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) न तोडता तो सोडवायची काही युक्ती? गॅस टॉर्च लावायची भीती वाटते, कॉइल अगदी शेजारी आहे.